बावीस तारांची हार्प

रत्नाचा आवाज मुळात बारीक. मढला माहेरी असताना तिची आई म्हणायची, ही पोरगी बोलते का फुंकर घालते तेच कळत नाही. लग्न होऊन ती ओतूरला आली आणि तो आवाज हळूहळू फाटत गेला. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. "जेवायला या" हे दोन शब्दसुद्धा भांडायला उठल्यासारखे निघायचे. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं की पहिला महिनाभर त्यांना वाटायचं, या घरात रोज तंटा आहे. मग कळायचं, तंटा नाही, सावळेरामला ऐकू येत नाही.

सावळेराम भालचिम बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायच्या त्या तारांच्या पेटीवर त्याचा हात असा चालायचा, की आंबेगावात घोडेगावपासून इकडे आळेफाट्यापर्यंत लग्नाची सुपारी देणारा आधी विचारायचा, "सावळेराम हाय ना पार्टीत?" छोटा हत्ती टेम्पोवर कर्णे बांधलेले आणि त्या कर्ण्यांच्या पुढ्यात, दोन हातांवर, हा उभा. एक लगीनसराई नाही, दोन नाही, एकोणतीस. कान तरी किती सोसणार? आधी कानात रातकिडे किरकिरायला लागले. मग बारीक आवाज गेले, चमचा पडल्याचा, सायकलच्या घंटीचा. मग माणसं गेली. नारायणगावच्या डॉक्टरांनी मशीन दिलं, पण त्यात सगळंच सूं-सूं वाजायचं. ते त्यानं खिळ्यांच्या डब्यात ठेवून दिलं.

तरी तो वाजवत होता. बोटांना पाठ होतं. पण घोडेगावच्या एका लग्नात पार्टीनं गाणं बदललं आणि सावळेराम जुनंच वाजवत राहिला. पुढं नाचणारी पोरं थांबली, हसायला लागली. पार्टी त्याचा पुतण्या ऋषी चालवत होता. त्यानं जवळ येऊन बेंजोच्या बटणांवर नुसता हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋषी घरी आला, चहाला हातही लावला नाही.

"काकी, नानांना आता घरीच राहू दे," तो म्हणाला. "मला तोंड नाय त्यांना सांगायला. तूच सांग."

रत्नानं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, म्हणून सगळ्या आळीनं ऐकलं.

त्यानंतर सावळेराम घरामागच्या पत्र्याच्या छपरात बसू लागला. डाग द्यायचा, तारा बदलायच्या, तारांचा आवाज स्पीकरकडं नेणाऱ्या पिकअपची गुंडाळी करायची, ही कामं त्याला यायची. मंचरपासून लोक बिघडलेले बेंजो घेऊन यायचे. काम नसेल त्या दिवशी तो नुसता बसायचा. रत्ना सकाळी वखारीवर जायची. दिवसभर कांद्याच्या ढिगापुढं बसून निवड करायची. बारीक गोल्टी एकीकडे, जोडकांदा एकीकडे, काजळी धरलेला तिसरीकडे. संध्याकाळी पाठ ताठ करायला उंबऱ्याचा आधार घ्यावा लागायचा. घरात आल्यावर कुणाशी बोलायचं तर आधी छाती भरून श्वास घ्यायचा. तेवढाही उरलेला नसायचा, म्हणून मग बोलणंच कमी झालं. ताट वाढायचं, खुणेनं बोलवायचं, निजायचं. पन्नाशी गाठायच्या आत तिला वाटायला लागलं होतं, की आपण म्हातारे झालो आणि कुणी सांगितलंच नाही.

श्रेया आली त्या दिवशी वखारीत कांदा आलाच नव्हता, म्हणून रत्ना घरी होती. दारात पुण्याची गाडी थांबली. तिशीतली एक बाई खांद्याला तिकोनी, फुगीर पिशवी लावून उतरली. आळेफाट्याच्या माइकवाल्या दादाभाऊनं पत्ता दिला होता.

"सावळेराम काका इथंच राहतात ना? माझं वाद्य बंद पडलंय. माळशेजला एका हॉटेलात कार्यक्रम आहे संध्याकाळी."

"हायेत. पण त्यांना मोठ्यानं बोलावं लागंल," रत्ना म्हणाली.

पिशवीतून जे निघालं ते रत्नानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. सुपाहून थोडं मोठं, तीन कोनांचं लाकूड. एका अंगाला पोकळ पोट, वर बाकदार मान, पुढून दोन्हींना जोडणारा दांडा, आणि मधे उभ्या बावीस तारा. सगळ्या पांढऱ्या, मधेच एखादी लाल, एखादी निळी.

"काय म्हनायचं ह्याला?"

"हार्प. मोठी असते ती माणसाएवढी. ही लहान, शिकणाऱ्यांसाठी, नाहीतर माझ्यासारख्या गावोगाव फिरणाऱ्यांसाठी. अशीच वाजवली तर खोलीपुरतं वाजते. वायर लावली की स्पीकरवर. आता वायर लावली तरी मुकी."

सावळेरामनं ते मांडीवर घेतलं. वाजवायचं काय नि कसं, त्यानं विचारलं नाही. पोटाच्या मागची भोकं पाहिली, आत बोट घातलं, बॅटरी लावून डोकावला. आत लाकडाला चिकटवलेली पितळी चकती होती, बेंजोला लावतात तसलीच, आणि तिची केसाएवढी तार डागातून सुटली होती. पाच मिनिटांचं काम. डाग देऊन झाल्यावर त्यानं मान वर केली.

"बघा वाजवून."

श्रेयाला वाटलं, त्यांनीच बघावं. तिनं ती हार्प त्याच्या मांडीवर नीट बसवली, उजव्या खांद्याला टेकवली, लाकूड त्याच्या गळ्याच्या हाडाला लागलं. मग तिनं हात लांब करून सगळ्यात जाड तार छेडली.

सावळेराम ताठ झाला. रत्नाला वाटलं, शॉक बसला. ती पुढं धावली. पण त्यानं एक हात वर करून तिला थांबवलं आणि दुसऱ्या हातानं लाकूड खांद्यावर दाबून धरलं.

"परत," तो म्हणाला.

श्रेयानं परत छेडली. मग तिच्यावरची, मग तिच्यावरची. आठ-नऊ तारांपर्यंत तो मान हलवत होता. त्यापुढं त्याची मान थांबली.

"रत्ना, येतंय गं," तो म्हणाला. "कानात नाय. हितं, हाडात. पन सूर हाय. नुसती भनभन न्हाई, सूर हाय."

कार्यक्रमाला उशीर होत होता तरी श्रेया तासभर बसली. जाताना तिनं विचारलं, "काका, असली एखादी करता येईल तुम्हाला? माझ्याकडं सहा-सात जण शिकायला येतात. इथं मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते. रोज सरावाला हातात काही नसलं की लोक महिन्याभरात सोडून देतात."

रत्ना मनात म्हणाली, आता हे आणखी एक. पण सावळेरामनं सिमेंटच्या दोन रिकाम्या पिशव्या फाडून जमिनीवर पसरल्या होत्या आणि तो हार्प आडवी ठेवून पेन्सिलीनं तिच्याभोवती रेघ ओढत होता.

लाकूड मढहून आलं. रत्नाचा थोरला भाऊ भागू यानं शिवणीच्या झाडाची एक फळी दाराच्या चौकटीसाठी जपून ठेवली होती. ती त्यानं एसटीच्या टपावर टाकून आणली. धरणावर मासेमारी करणाऱ्यांकडून तंगुसाची रिळंही आणली, जाड, मध्यम, बारीक. गळाला लावायचा नायलॉनचा तंगूस तारेच्या जागी चालेल असं श्रेयानंच फोनवर सांगितलं होतं. फोनवर म्हणजे रत्नाच्या फोनवर. बोलायचं श्रेयानं, ऐकायचं रत्नानं आणि ओरडून सांगायचं पुन्हा रत्नानंच.

पहिली हार्प करायला पावसाळा गेला. सूर मोबाइलवर लावता येत होता, तार छेडली की पडद्यावर काटा हलायचा. तो मधोमध आला की झालं. त्यामुळे बहिऱ्या माणसाचंही काम अडलं नाही. एका रविवारी त्यानं बावीसच्या बावीस तारा चढवल्या आणि काट्यावर आणल्या. तिसऱ्या दिवशी रत्ना वखारीवरून आली, छपरात हंडा ठेवायला वाकली आणि मागं काडकन आवाज झाला. हार्पची मान जोडातून उखडली होती. सुटलेल्या तंगुसाचा फटका रत्नाच्या गालावर बसला आणि लाल वळ उठला.

सावळेराम तिच्याकडं पाठ करून काम करत होता. त्याला ना काडकन ऐकू आलं, ना तिचं "आई गं". जमिनीवर पडलेली मान दिसली तेव्हा तो वळला, आणि आधी लाकडाकडं धावला.

रत्ना तिथंच हंड्याशेजारी बसली. ओरडायचं त्राण नव्हतं. तिच्या मूळच्या, बारीक आवाजात ती बोलत सुटली. "कितीक वर्सं मी वरडतीय. माझा गळा गेला. तुमचं कान गेलं त्याची समद्यांनी चौकशी केली. माझ्या गळ्याची कुनी केली? आता ह्या लाकडापायी गाल फुटला. मला कटाळा आलाय. लई कटाळा आलाय." तो वाकून मोडका जोड चाचपत होता. त्याच्यापर्यंत यातलं काही गेलं नाही. बोलून झाल्यावर तिनं पदरानं गाल पुसला आणि भाकरी करायला गेली.

जेवताना त्याला तिचा गाल दिसला. घास तसाच राहिला.

"कशानं?"

तिनं छपराकडं बोट दाखवलं. त्यानं ताट बाजूला सारलं, उठून हळद आणि तेल आणलं आणि आपल्याच बोटानं वळावर लावलं. त्याची बोटं खरखरीत होती, झोंबलं.

भागू दिवाळीला आला तेव्हा त्यानं मोडलेली मान हातात घेऊन पाहिली आणि हसला. "अहो पावणं, शिवन पोटाला चांगली, हलकी, बोलनारी. मानेला कशी टिकंल? नांगराचं धरायचं रुमनं कुनी शिवनीचं करतं व्हय? मानेला न् दांड्याला साग घ्या." इतकं साधं होतं ते. साग त्यानंच दिला, जुन्या गव्हाणीचा.

दुसरी हार्प होळीच्या सुमाराला उभी राहिली. महिनाभर तारा ताणून ठेवल्या, मान हलली नाही. काटा प्रत्येक तारेला मधोमध यायचा. सावळेराम खूष होता. रत्ना छपरात कडबा काढायला गेली आणि तो एकेक तार छेडून काटा बघत होता, तेव्हा तिची पावलं थांबली.

"ती नाय बरुबर," ती म्हणाली. मग श्वास भरून ओरडली, "ती निळी! पुचाट वाजती!"

"काटा मधी हाय की."

"काट्याला काय कळतंय? जीभ जड झाल्यावानी बोलती ती."

त्याला पटलं नाही, पण त्यानं पाहिलं. तार वरच्या, सूर चढवायच्या छोट्या खटक्याला केसभर घासत होती. खटका कानशीनं घासला. पुन्हा छेडली. रत्नानं मान हलवली. तिनं मग सगळ्या तारा छेडायला लावल्या. सहावी ठीक. अकरावी किरकिरते. सतराव्या तारेला आत कुठंतरी काहीतरी सुटं आहे. पोटात बोट घालून पाहिलं तर डिंकाचा एक थेंब वाळून सुटला होता. सावळेराम तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"तुला कसं कळतं गं?"

तिलाही सांगता आलं नाही. कांदा हातात घेतला की वरून कितीही लाल असो, अंगठा टेकला की आत कुजलाय ते कळतं. तसंच काहीतरी असेल. आजवर तिला काय ऐकू येतं हे कुणी विचारलंच नव्हतं. या घरात ऐकणं नसलेल्या माणसाचीच चर्चा होती.

श्रेया हार्प न्यायला आली तेव्हा तिनं अर्धा तास वाजवून पाहिली. तोंडावर गोड बोलली नाही. तारा एकमेकींच्या जरा जास्त जवळ आहेत म्हणाली, स्पीकर मोठा केला की जाड तारा घुमतात, तिथं चकती थोडी वर सरकवा म्हणाली. "पण शिकणाऱ्याला चालेल. चालेल काय, चांगली आहे. आणखी दोन कराल?"

सावळेरामनं बोटानं रत्नाकडं दाखवलं. "तपासनारी ती हाय. तिला इचारा."

तेव्हा श्रेयानं रत्नाला आपल्या शेजारी ओट्यावर बसवलं. "मावशी, तपासायचं तर धरता यायला हवी." तिनं हार्प रत्नाच्या मांडीवर ठेवली, खांद्याला टेकवली. अंगठा वर, बाकीची बोटं खाली, तार ओढायची आणि बोट तळव्यात मिटवायचं, मूठ वळल्यासारखं. रत्नाच्या बोटांना कांद्याच्या रसानं चिरा पडलेल्या. पहिली तार ओढली तेव्हा चिरेत तंगूस गेला आणि डोळ्यात पाणी आलं. पण सूर आला. खणखणीत, आणि छातीजवळ. ओरडावं लागलं नाही, श्वाससुद्धा लागला नाही.

तिसरी हार्प शिवणीच्या उरलेल्या तुकड्यांतून झाली. पोटावर मोठी गाठ, रंग दोन. ती कुणाला द्यायच्या लायकीची नाही असं सावळेराम म्हणाला, म्हणून ती घरी राहिली.

रत्ना शिकली म्हणजे काय, रोज वखारीवरून आल्यावर चूल पेटवायच्या आधी पंधरा मिनिटं बसायची. कधी कंटाळा इतका, की हार्प मांडीवर घेऊन नुसतीच बसून राहायची. श्रेया फोनवर बोटं कुठं ठेवायची ते चित्रात पाठवायची. पहिले दोन महिने एकच चढउतार. मग मढला भात लावताना बायका म्हणतात त्या गाण्याची चाल तिनं आपली आपण बसवली. चार तारांत बसली ती. सोपी होती, पण हातांना सापडली तेव्हा तिनं ती एकामागून एक कितीदा वाजवली ते तिलाच कळलं नाही. भात करपला.

सावळेराम मग तिच्या मागं येऊन बसायला लागला. पाठीला पाठ न लावता, बाजूनं, हार्पच्या पोटावर तळवा ठेवून. जाड तार आली की त्याची बोटं किंचित दबायची. वरच्या तारांना नाही. एकदा तिनं सगळं वरच्याच तारांवर वाजवलं आणि त्याच्याकडं पाहिलं. तो तसाच बसून होता, वाट बघत. ती खालच्या तारांवर आली. पुढं तिनं सगळ्या चाली खाली उतरवूनच बसवल्या. ही गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही, त्यानंही विचारली नाही. घरात ओरडणं कमी झालं असं मात्र नाही. मीठ संपलंय हे हार्पवर सांगता येत नाही.

पुढच्या थंडीत त्याचे कान आणखी गेले. खांद्याला टेकवूनही आता चार-पाचच तारा यायच्या. "सरत आलं," तो एकदा म्हणाला, जसं डब्यातलं पीठ सरत आलं म्हणावं तसं. काम मात्र तो करत राहिला. हाताला लाकूड कळत होतं, डोळ्याला काटा दिसत होता आणि उरलेलं रत्ना ऐकत होती. वखारीच्या मुकादमाला, चिमाजीला, सांगून तिनं आठवड्यातले तीन दिवस सोडले. चिमाजी म्हणाला, "पेटी का काय वाजवतीस म्हनं?" ती म्हणाली, "पेटी न्हाई, तारंचं हाय." त्यानं पुढं विचारलं नाही.

पाचवी हार्प मंचरच्या एका माणसानं मागितली होती. मोहित नाव, पतपेढीत कारकून, श्रेयाकडं नव्यानं शिकायला लागलेला. तो आळेफाट्याला घ्यायला येणार होता. सावळेरामला एकट्याला पाठवायचं तर मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न त्याला कळत नाही. म्हणून रत्ना निघाली. एसटीत हार्प मांडीवर, उशीसारखी. डोळा लागला. कंडक्टरनं हलवून उठवलं, "ओ मावशी, फाटा आला."

आळेफाट्याला नेहमीसारखीच ट्रकांची रांग, गॅरेजमधला ठोकाठोकीचा आवाज, नाशिकच्या गाड्यांचा गलका. मोहित स्टँडच्या बाकावर बसला होता. चाळिशीतला, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यानं पिशवी उघडून हार्प बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी तान्हं मूल धरावं तशी धरून ठेवली.

"मला जमेल का हो?" तो म्हणाला. "घरात सगळे हसतात. या वयात हे काय म्हणून."

"आमच्यात बी हसत्यात," रत्ना म्हणाली.

"तुम्ही वाजवता?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"वाजवते," ती म्हणाली.

"मग दाखवा ना थोडं."

तिनं पिशवी बाजूला ठेवली, पाय बाकाच्या कडेला रोवले, हार्प खांद्याला लावली. भात लावणीची ती चाल वाजवली, खालच्या तारांवर. वायर नव्हती, स्पीकर नव्हता. एक ट्रक उलटा येत होता, त्याचा भोंगा सगळ्यावर होता. शेजारच्या बाकावरच्या बाईलाही काही ऐकू गेलं नसेल. मोहित मात्र वाकून, कान लाकडाजवळ नेऊन ऐकत होता.

"अंगठा वर ठिवा," वाजवून झाल्यावर रत्ना म्हणाली. "असा. न् बोट मिटायचं. नुसतं वडायचं न्हाई, मिटायचं. पहिलं दोन महिनं बोटं दुखतील, दुखू द्या."

त्यानं प्रयत्न केला. तार चुकली. तिनं त्याचा अंगठा धरून जागेवर ठेवला, पुन्हा करायला लावलं. तीन वेळा. चौथ्या वेळेला बरं आलं.

ओतूरची गाडी फलाटाला लागली तेव्हा ती उठली. गुडघा धरला होता, दोन पावलं लंगडत गेली. गाडी भरलेली, जागा नव्हती. ती दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली. खिडकीतून पाहिलं तर मोहित अजून बाकावरच होता, मान खाली, अंगठा वर. त्याच्या समोरून गाड्या येत-जात होत्या. गाडी सुटली. मागच्या सीटवरची एक पोरगी उठून म्हणाली, "मावशी, बसा." रत्ना बसली, आणि डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं.